वरच्या बाकावरचा माणूस

टोपीवाला आजही सगळ्यात वरच्या बाकावर येऊन बसला. गुडघ्यांवर शाल पांघरली आणि खिशातून स्टॉपवॉच काढलं.

"आला," थिया म्हणाली. ती गवतावर बसून पाय ताणत होती.

"वर बघू नकोस," कोच पेल्की म्हणाले. "हात तर मुळीच हलवू नकोस."

"माहितीये हो. नियम."

हा नियम ब्रॅकेट फॉल्स गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. कॉलेजचा प्रशिक्षक शाळेच्या मैदानावर येतो, बघतो आणि गुमान निघून जातो. अकरावी संपेपर्यंत त्यानं खेळाडूशी बोलायचं नाही. "कशी आहेस" एवढंसुद्धा नाही.

थियाची मोठी बहीण टर्की कोंबड्या कापायच्या कारखान्यात रबरी बूट घालून उभी असायची. कॉलेजच्या संघात जागा मिळाली नाही, तर तिच्या शेजारची जागा थियासाठी राखीव होती. म्हणून थिया उजाडायच्या आत धावायची, शुक्रवारी पिझ्झा सोडून उकडलेलं चिकन खायची आणि रसायनशास्त्र घोकायची. कॉलेजात धावायचं तर नुसते पाय चालत नाहीत, गुणही लागतात.

आता आतली गोष्ट. ती गावात फक्त कोच आणि त्यांची बायको लोर्ना यांनाच ठाऊक होती. टोपीवाला कुठल्याच कॉलेजचा नव्हता.

कोचनी थियाच्या धावण्याच्या वेळा बऱ्याच कॉलेजांना कळवल्या होत्या. उत्तर एकाचंही नाही. मिनेसोटाच्या इतक्या वरच्या टोकाला कोण येतंय? आणि पोरगी मैलाच्या शर्यतीत तिसऱ्या फेरीला हटकून ढेपाळायची. कोणी बघत असलं, की मात्र पेटून धावायची. म्हणून लोर्नानं आपल्या लांबच्या मामाला, क्लिफर्डला, फोन केला. जन्मभर बुटांचं दुकान चालवलेला माणूस, आता रिकामाच होता.

"मामा, काही करायचं नाही," लोर्ना म्हणाली. "बसायचं, घड्याळ दाबायचं, तोंड बंद. नियमच असा आहे, की कोणी काही विचारणार नाही. आणि डेलला ओळखसुद्धा दाखवू नका."

डेल म्हणजे कोच. त्यांनी क्लिफर्डमामाला लग्नात एकदाच पाहिलं होतं, तेही केकमध्ये तोंड खुपसलेलं. पण मामा कामाचा निघाला. एप्रिलपासून एकही शनिवार चुकवला नाही. कुठल्याशा विद्यापीठाचं जाकीट पैदा केलं, भाड्याची गाडी आणायचा, थियाची शर्यत झाली की उठून जायचा. हौसेला मोल नसतं असं म्हणून कोच मनातल्या मनात हसायचे. आणि थिया तिसऱ्या फेरीला आता ढेपाळत नव्हती.

आज जिल्ह्याची शर्यत होती. थिया उठली आणि डाव्या पायानं लंगडली.

"काय गं?"

"काही नाही. बूट घट्ट झालाय."

कोचनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. तिनं ओठ चावला.

"कधीपासून?"

"महिना झाला असेल. कोच, प्लीज. तो आलाय. आज नाही धावले, तर संपलं सगळं."

"हाडाला चीर असली तर पुढचं वर्षही जाईल."

"मग जाऊ दे. मी धावणार."

कोचनी टोपी काढली, टक्कल खाजवलं, पुन्हा घातली. मग तिला साहित्याच्या खोलीमागं नेलं आणि सगळं सांगून टाकलं. मामा, बुटांचं दुकान, लोर्नाचा फोन.

थियानं खोलीच्या कोपऱ्यावरून बाकांकडे डोकावून पाहिलं.

"म्हणजे मी दीड महिना एका बूटवाल्यासाठी केस विंचरून धावत होते?"

"वेळ सुधारली ना पण?"

"तुम्ही महाडँबिस आहात, कोच."

"नर्सकडे जा. बर्फ लाव. आज शर्यत नाही."

बर्फाची पिशवी बांधून थिया बाहेर आली, ती थेट बाकांवर चढली. अख्खं मैदान बघत होतं. टोपीवाल्याच्या शेजारी ती ऐसपैस बसली आणि त्याच्या पुड्यातले पॉपकॉर्न मूठभर उचलले.

"काका, पुरे आता नाटक. कोचनी सांगितलं मला सगळं."

त्यानं नजर मैदानावरच ठेवली.

"अजून चालूच? बरं. मग ऐका. ही नडगी महिनाभर ठणकतेय. तुम्हाला दिसू नये म्हणून हसत धावायचे. रसायनशास्त्रात काठावर आहे. आणि हे तुमचं जाकीट, या कॉलेजात मला फुकट बोलावलं तरी जाणार नाही. माझी मैत्रीण म्हणते, तिथलं जेवण कुत्रंसुद्धा खाणार नाही."

टोपीवाल्यानं तिच्या पायाकडे पाहिलं. मग खाली उभ्या असलेल्या कोचकडे पाहिलं. कोचनी डोळा मारला.

त्यानं टोपीला बोट लावलं, शाल घडी केली आणि एक शब्द न बोलता पायऱ्या उतरून गेला.

"काय कसलेला नट आहे हो तुमचा मामा," थिया खाली येऊन म्हणाली. "शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही."

"बूट विकणं सोपं असतं होय?" कोच म्हणाले. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. पोरगी चिडली नव्हती, पाय वाचला होता, आणि बारावीचं अख्खं वर्ष हातात होतं. एवढ्या चांगल्या वेळा पाहून खरा कोणीतरी येईलच.

संध्याकाळी जेवताना फोन वाजला. लोर्नानं उचलला, दोन शब्द बोलली आणि कोचच्या हातात दिला.

"डेल, क्लिफर्ड बोलतोय. कुठल्या तोंडानं माफी मागू तुझी? मार्चअखेरीस बर्फावरून घसरलो, तेव्हापासून अंथरुणात. कळवायचंही राहून गेलं बघ. पण आता काठी घेऊन चालायला लागलोय. पुढच्या शनिवारी येतो, अगदी नक्की. ती पोरगी कोणती, तेवढं मात्र खुणेनं दाखव."