प्रतिसाद देत नाही

इंगविलने वाचून दाखवणारा प्रोग्राम बंद केला आणि इतका वेळ अडकलेलं पान झटकन उघडलं. प्रोग्राम पुन्हा सुरू केला, पान पुन्हा अडकलं. दोष सापडला. कॉम्प्युटर धड होता, ब्राउझरही धड होता. नव्या ब्राउझरशी या प्रोग्राममधला जुना आवाज जुळत नव्हता, एवढंच.

तोरलाइफ शेजारच्या खुर्चीत बसून होता. उभा जन्म मासेमारीत गेलेला माणूस. आता डोळ्यांना फक्त उजेड कळायचा. बेटावर ना दुकान, ना डॉक्टर. औषधं, बँक, बोटीच्या वेळा, सगळं याच स्क्रीनवर, आणि स्क्रीनवरचं सगळं त्याला हा प्रोग्राम वाचून दाखवायचा. मागे औषधांचं पान असंच अडकलं, हृदयाच्या गोळ्या मागवायच्या राहिल्या, आणि तो स्वयंपाकघरात पडलेला, बोटीने फेरीला येणाऱ्या नर्सला सापडला. त्याची मुलगी मारित बर्गनला असते. तिनेच नगरपालिकेला फोन करून इंगविलला पाठवायला लावलं होतं. हे दुरुस्त झालं नाही तर बाबांना वृद्धाश्रमात हलवणार, असंही तिने सांगून ठेवलं होतं.

पान अडकलं की येतो तो नेहमीचा चौकोन स्क्रीनवर आला. इंगविल तो बंद करणार, तेवढ्यात स्पीकरमधून एक बाई बोलली.

"या पानावरची स्क्रिप्ट प्रतिसाद देत नाही. वाट पाहायची का?"

इंगविलचा हात जागीच राहिला. असे प्रोग्राम कसे बोलतात ते तिला ठाऊक होतं. पहिलं वाक्य तसंच होतं, तुकडे जोडल्यासारखं. दुसरं मात्र कुणीतरी खोलीत येऊन विचारावं तसं आलं. त्यात याच किनाऱ्याचा हेल होता.

"गुनवोर," तोरलाइफ म्हणाला. "माझी बायको."

मग त्याने सांगितलं. आजाराने गुनवोरची वाचा जाणार हे आधीच कळलं होतं. वाचा होती तोवर ती रोज मायक्रोफोनसमोर बसून वाक्यं वाचायची. एका कंपनीने त्यातून तिचा आवाज तयार करून दिला. शेवटी शेवटी ती अक्षरं टाइप करायची आणि आवाज बोलायचा. ती गेल्यावर त्याने तोच आवाज या प्रोग्रामला लावून घेतला.

"बातम्या वाचते तेव्हा ती गुनवोर नसते," तो म्हणाला. "कुठली तरी बाई असते. पण 'वाट पाहायची का' हे एवढं तिने स्वतः सबंध म्हटलेलं आहे. मी बोट काढली की दारातून विचारायची, जेवायला वाट पाहायची का. अगदी अशीच."

इंगविलने ब्राउझरमध्ये आधी काय काय उघडलं होतं ते पाहिलं. औषधांचं पान क्वचित कुठेतरी. बाकी दिवसभर एकच वर्तमानपत्र, सगळ्यात जड पान, पुन्हा पुन्हा, एकावर एक. ते हटकून अडकायचं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला काय दिसलं असेल हे त्याला न बघताच कळलं असावं. त्याने मान खाली घातली.

तिने ती यादी बंद केली. मग तिने नवा आवाज बसवला. ऑस्लोकडचा कुणी तरुण होता, स्पष्ट बोलायचा. औषधांचं पान अडखळलं नाही. गोळ्या मागवून झाल्या. तोरलाइफने तो आवाज अनोळखी पाहुण्याचं ऐकावं तसा नीट ऐकून घेतला आणि चांगला आहे म्हणाला.

जुना आवाज नुसता पडून राहू दे, असं इंगविलने सुचवलं. त्याची प्रत काढता येत नव्हती आणि ती कंपनीही आता राहिली नव्हती. एकदा काढला की गेला. तिने हे सांगितलं, आणि त्याला ते माहीत होतं.

"तो असेल तर मी इथेच ऐकत बसून राहीन, पोरी," तो म्हणाला. "मी पडलो त्या दिवशी गोळ्या संपल्यात हे मला माहीत होतं. तरी हिलाच ऐकत बसलो."

खिडकीबाहेर धक्क्यावर कुणीतरी जाळी धूत होतं. पाण्याचा आवाज येत राहिला.

एकदाच तो आवाज परत लाव, असं त्याने सांगितलं. तिने लावला. त्याने स्वतः वर्तमानपत्र उघडलं, त्यावर आणखी एक, त्यावर आणखी. बोटं अचूक फिरत होती. चौकोन आला आणि गुनवोरने विचारलं, वाट पाहायची का. तो ऐकत राहिला. उत्तर मिळालं नाही म्हणून तिने पुन्हा विचारलं.

"आता काढ," तो म्हणाला. "तूच काढ. माझ्याच्याने व्हायचं नाही."

इंगविलने आवाजांची यादी उघडली. गुनवोरच्या नावापुढे 'काढून टाका' असं होतं. खरंच काढू का, असं तिने विचारलं. त्याने होकारार्थी मान डोलावली. तिने बटण दाबलं.

त्याच क्षणी स्पीकरमधून श्वास आत घेतल्याचा आवाज आला, माणूस बोलण्याआधी घेतो तसा. मग काहीच आलं नाही.

इंगविलने स्पीकरची तार तपासली. काही बिघडलं नव्हतं.

तोरलाइफ अजून पुढे वाकून, कान देऊन बसला होता.

"या वेळी ती वेगळं काहीतरी म्हणणार होती," तो म्हणाला.