दुसऱ्याच्या तोंडी

हौसाने रिकामं ताट शालनताईंच्या टेबलावर आदळलं.

"माझं जेवण का बंद केलं?"

"स्वतःचं ताट दुसऱ्याला दिलंस म्हणून."

वस्तीचं अन्नघर शालनताईंनीच उभं केलं होतं. यंत्रावर तळहात टेकवला की ज्याच्या त्याच्या अंगाला हवं तेवढं, चौरस आणि स्वस्त जेवण मिळे. पण बायका आपलं ताट नवऱ्यापोरांना वाढत आणि स्वतः चक्कर येऊन पडत. म्हणून ताईंनी अन्नच बदलून घेतलं. आता ते ज्याचं त्यालाच गोड लागे, दुसऱ्याच्या तोंडी कडूजहर.

"आता वस्तीत एकही माणूस उपाशी नाही," ताई कडाडल्या. "नियम मोडायला लाज नाही वाटली?"

"तो वस्तीतला नव्हता. तुमचं यंत्र त्याचा हात ओळखत नाही. तो दारात उभा आणि मी भरल्या ताटावर. या जेवायला, असं म्हणायचंही नाही?"

"मग पहिल्याच घासाला थुंकला असेल!"

"नाही. ताट चाटूनपुसून जेवला. शेवटी मीच विचारलं, कडू नाही का हो लागत?"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, लागतंय. अजून थोडं वाढता का?"