पंचमाची तार

नवरा चहा घेऊन समोर बसला. मी तंबोऱ्याच्या पंचमाची तार मुद्दाम उतरवून ठेवली होती. गाणं ऐकायला आम्ही ग्वाल्हेर, कोलकाता, धारवाड असं कुठेकुठे फिरलो. तिथे तार केसभर उतरली तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. मुलुंडच्या घरी तंबोरा तोच लावायचा. हल्ली दाराची बेल त्याला कळत नव्हती. विचारलं की म्हणायचा, "तंद्री लागली होती गं." मी तारा छेडल्या. बेसूर पंचम अंगावर आला. तरी सूर जुळल्यासारखी मान डोलवत विचारलं, "लागला का रे?" "झकास," तो म्हणाला. मी तंबोरा खाली ठेवला. गेल्या महिन्यात इंदूरच्या मैफलीत तो गायकाकडे नाही, माझ्याकडेच बघत होता. मी मान डोलावली की दाद द्यायचा. या वयातही नवरा असा बघतो म्हणून मी लाजले होते.