कॉलची यादी

विवाह हे सात जन्मांचं बंधन आहे, असं भटजींनी माइकवरून सांगितलं होतं. कॅनडाच्या व्हिसाला मात्र गेल्या अकरा महिन्यांचा पुरावा चालणार होता, आणि नेमका तोच मिळत नव्हता.

व्हिसाचं काम बघणाऱ्या एजंटाने सासू-सुनेचे दोन्ही फोन तपासून चष्मा काढला. “काकू, लग्नाचे फोटो ठीक आहेत. पण सुनेच्या फोनवर नवऱ्याचा एकही कॉल नाही. तुमच्या फोनवर मुलाचे तीनशे बारा, चाळीस-चाळीस मिनिटांचे. या पुराव्यावर व्हिसा तुम्हालाच मिळेल.”

“अहो, तिच्या कार्डाला आमच्या घरात रेंज येत नाही,” कुमुदबाई म्हणाल्या. शेजारी सून रडकुंडीला आली होती. “ती बोलते ते माझ्याच फोनवरून.”

“मग तसं सहीनिशी लिहून द्या. फक्त खरं तेच लिहा.”

कुमुदबाईंनी कागद पुढ्यात ओढला. ‘रोज सकाळी मुलाचा फोन येतो. मी जेवलास का विचारते, फोन सुनेला देते आणि दार लोटून पडवीत बसते. ती हसते ते बाहेर ऐकू येतं. दोघं काय बोलतात ते मी ऐकत नाही.’ शेवटचं वाक्य त्यांनी जरा विचार करून खोडलं आणि सही केली.

चार महिन्यांनी व्हिसा आला. सून पाया पडून, रडून, लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन गेली.

मुलाचा फोन आता रविवारी येतो. तीन मिनिटांचा असतो.