फलकावरचं नाव

"तुझा साडी मस्त दिसतो, आजी. मग टेन्शन कशाला घेते?"

"साडी दिसते म्हणावं गं," चंदाबाई नातीला, मृणालला म्हणाल्या. नजर मात्र दारावरून हलत नव्हती.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये एकही खुर्ची रिकामी नव्हती. नॉटिंगहॅमहून मिस्टर व्हिटकर यायचे होते. वय एकशे तीन. दुसऱ्या महायुद्धात टोब्रुकजवळच्या वाळवंटात, रणगाड्यांच्या लढाईत लढलेला हा शेवटचा माणूस, असं सगळे म्हणत. त्यांनी ओळख पटवली तरच बबन मेश्राम हे नाव हॉलमधल्या युद्धवीरांच्या फलकावर कोरलं जाणार होतं.

चंदाबाईंच्या वडिलांची हकिकत घरात सगळ्यांना पाठ होती. बबन रणगाड्यांना पेट्रोल पोचवणारी लॉरी चालवायचे. एक रणगाडा डोळ्यांदेखत पेटला आणि त्यांनी आतल्या गोऱ्या शिपायाला ओढून काढलं. मृणालच्या आईला शाळेत कुणीतरी डिवचलं होतं, तुमच्या लोकांनी या देशासाठी काय केलं म्हणून. पोर रडत घरी आली, तेव्हा चंदाबाईंनी ही हकिकत पहिल्यांदा सांगितली होती.

"मृणाल, त्यांना नाही आठवलं तर?"

"आजी, प्लीज! सगळ्यांसमोर असं तोंड नको करू."

तेवढ्यात व्हीलचेअर आत आली. कोटावर पदकं, मांडीवर चौकड्यांची शाल. मृणालने बबनचा फोटो त्यांच्या हातात दिला. म्हाताऱ्याने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग चंदाबाईंकडे पाहिलं.

"वडील काय सांगायचे त्या दिवसाबद्दल?"

चंदाबाईंनी पदर सावरला. "धूर फार होता म्हणायचे. रणगाड्याचं झाकण इतकं तापलेलं, की अंगातला सदरा काढून हाताला गुंडाळला, मग..." मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

"मग त्याने मला खांद्यावर घेतलं," व्हिटकर खणखणीत आवाजात म्हणाले. "हाच तो. याच्यामुळे मी जिवंत आहे."

टाळ्या थांबेनात. मृणाल हुंदके देत होती. चंदाबाई कशाबशा पुढे गेल्या, आभार मानायला वाकल्या. म्हाताऱ्याने त्यांना जवळ ओढलं आणि तो कानात पुटपुटला,

"घाबरू नका. तिथे मीही नव्हतो."