शंभर टक्के सुती

सासरे कापडाचे व्यापारी. चाळीस वर्षं त्यांचा एकच मंत्र: ‘शंभर टक्के सुती.’ माझ्या कारखान्यातल्या टाकीतलं एन्झाइम चिंध्यांमधलं पॉलिएस्टर खातं, सुताला तोंड लावत नाही, हे ऐकून ते सासूबाईंना दिलेली पहिली चादर घेऊनच आले. सासूबाईही सोबत होत्या. “जावईबापू, टाका! हिचा एक धागा कमी झाला तर दुकानाला कुलूप लावतो.” संध्याकाळी मी झाकण उघडलं. चादर गायब! जाळीवर काठाच्या भरतकामाचा लाल दोरा तेवढा उरला होता. सासऱ्यांनी जाळी उलटीपालटी करून पाहिली. “म्हणजे मी गिऱ्हाइकांना फसवलं?” सासूबाईंनी दोरा शांतपणे पिळला. “हा माझा, सुती. चादरीचं मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं, घामाने अंगाला चिकटायची.” “मग बोलली का नाहीस?” आता सासूबाई दचकल्या. “अगं बाई! तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं? मी तर नवरा लबाड समजूनच संसार केला!”