शेवट सांगू नका

"हा कोण गं?" टीव्हीवरच्या डॉक्टरकडे बोट दाखवत यांनी विचारलं. कालही हेच विचारलं होतं.

हॅलोवीन जवळ आलं की अमेरिकेतली नात नवनवे रहस्यपट सुचवते. मी मात्र दुपारच्या चहाबरोबर रोज आमचा जुनाच लावते. लग्नानंतर थिएटरात पाहिलेला हा पहिला सिनेमा. तेव्हा मध्यंतराआधीच यांनी खुनी कोण ते सांगून टाकलं होतं आणि मी घरी पोहोचेपर्यंत यांच्याशी बोलले नव्हते. पुढे जन्मभर तेच. खुनी ओळखला की यांच्या पोटात म्हणून राहायचं नाही.

हल्ली खुनी सोडाच, कधीकधी यांना मीही ओळखू येत नाही. तोच शेवट पाहून रोज नव्याने दचकतात.

आज मात्र हे कपबशी खाली ठेवून माझ्या कानाशी वाकले. "हाच खुनी. बाहेर गेलोच नाही म्हणतो, मग बुटांना चिखल कसा?"

"झालं! सांगितलंत?" आवाजात राग आणणं फार जड गेलं.

"आता घरी पोहोचेपर्यंत बोलणार नाहीस ना?" ते हसले.

आम्ही घरीच होतो. तरी मी तोंड फिरवलं आणि रुसून बसले.